डोंगराकडे वळवलेला अँटेना

लग्न होऊन मी बोरी बुद्रुकला आले तेव्हा माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोम्याचं घरात कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. सासरे वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणायचे. आमचं बोलणं मोजकंच, चहा झाला का, पाणी आलं का, एवढंच.

एका सोमवारी ते बेल्ह्याच्या बैलबाजारातून परत आले ते पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मी पोतं सोडलं आणि माझे हातच थांबले. लाकडी पेटी, पुढे पिवळट काच, काचेवर आकडे. परदेशी बनावटीचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या दिव्यांसारख्या नळ्यांवर चालणारा, एफएम ट्यूनर. असला ट्यूनर मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता.

"भंगारवाल्याकडं व्हता. दिवे लागत्यात, पण बोलत न्हाई," मामा म्हणाले. "बिघडलाय म्हनून देऊन टाकला त्यानं."

"मामा, हा असा बोलणारच नाही. याला स्पीकरच नसतो. हा फक्त स्टेशन पकडतो, आवाज दुसऱ्या यंत्रातून काढायचा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "मग काढ की आवाज," म्हणाले.

आमच्या टेपरेकॉर्डरला मागून वायर जोडली. भुंग्यासारखी घूं घूं आणि तिच्यामागे नुसती खरखर. पण मला त्या खरखरीनंच आनंदाच्या उकळ्या फुटल्या, कारण यंत्र जिवंत होतं. घूं घूं होती ती वाळलेल्या कपॅसिटरची. मी ते बदलायला घेतले तेव्हा मामा शेजारी येऊन बसले. बंद केल्यावरही आत अडीचशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "आदी उतरवून घे करंट," ते म्हणाले, आणि मी तो उतरवेपर्यंत त्यांनी मला आत दुसऱ्या कशालाही हात लावू दिला नाही. एक व्हॉल्व्ह थकलेला निघाला. तसाच दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. मामा तो एसटीतून मांडीवर ठेवून घेऊन आले.

मग खरी अडचण कळली. काचेवरचे आकडे शंभरला संपत होते आणि पुण्याचं स्टेशन शंभराच्या जरा पुढे. आतला एक बारीक स्क्रू किंचित फिरवला की सगळी पट्टी सरकते, पण लोखंडी पेचकस जवळ नेला तरी जुळणी बिघडते. मी सासूबाईंची प्लॅस्टिकची विणायची सुई मागितली आणि तिचं टोक घासून चपटं केलं. त्यांनी कुरकुर केली, पण दिली.

सुई फिरवली, आणि खरखरीच्या तळातून एक बाई बोलली. दोनच शब्द. मामा ताडकन उठले. "पुणं?"

"पुणंच. पण लांब आहे, पकड कमी पडतेय."

डिश आल्यापासून गावात टीव्हीचे अँटेने गंजत पडले होते. मामांनी एक उतरवून आणला, मी हिशेब करून एफएमच्या मापाला त्याच्या नळ्या कापल्या. अडुसष्टाव्या वर्षी ते गच्चीवरच्या पाइपावर असे चढले, जणू कालच ड्युटी सोडली होती. मी खाली खिडकीत ट्यूनरपाशी, ते वर.

अँटेना पुण्याकडे केला. खरखर. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, तरी खरखरच. अर्धा तास गेला. माझा चेहरा पडला असणार. वरून मामा म्हणाले, "लाईन टाकताना आमी आडवाट घ्यायचो, सरळ खांब बसला न्हाई तर. जरा दुसरीकडं बघू का?" आणि त्यांनी अँटेना पुण्याकडे पाठ करून आणे गावच्या डोंगराकडे वळवला.

गाणं आलं. स्वच्छ, तबल्याच्या थापेसकट. पुण्याहून निघालेली लहर डोंगरावर आपटून आमच्याकडे परत येत होती. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, आणि तरी मला सुचलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या मामा, हलवू नका," मी खिडकीतून ओरडले. माझा डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला ते मलाही कळलं नाही. सासूबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. मामा पाइपाला धरून वरच थांबले, गाणं संपेपर्यंत.

त्यानंतर आमचं बोलणं थांबेना. व्हॉल्व्हच्या आत नेमकं काय चालतं, हे त्यांना रोज थोडं थोडं हवं असायचं. मी वहीत आकृत्या काढायचे, ते त्यावर शंका काढायचे. पुढे आम्ही दोघं नणंदेच्या रेडिओसाठी दुसरा अँटेना बांधून शिनोलीला तिच्याकडे गेलो. तिथे डोंगर इतके अंगावर की चारी दिशांना फिरवून काहीच आलं नाही. नणंद हसत होती. मामा मात्र परतीच्या एसटीत गंभीरपणे म्हणाले, "पाइप अजून धा फूट उंच पायजे व्हता. दिवाळीत परत जाऊ."

आणि गेलो. त्या वेळी पुणं लागलं, बातम्या संपेपर्यंत तरी.