मौजे मोंटाना, तालुका नमूद नाही

कचेरीत दोन गोष्टींचा ढीग आपोआप लागतो. एक फायलींचा, दुसरा किश्शांचा. फायलींना वाळवी लागते, किस्से मात्र दर चहाला ताजे होतात. परवा आम्ही जुने दोघंतिघं अकोल्याला भेटलो तर हसून हसून ठसका लागला. पण खरं सांगतो, यातलं एकही प्रकरण घडत असताना कोणी हसलं नव्हतं. तेव्हा आमची पाचावर धारण बसलेली होती!

महाराष्ट्र नुकताच झाला होता. अकोल्याला जमिनीची कागदपत्रं पाहणाऱ्या एका कचेरीत मी हंगामी लिपिक म्हणून लागलो होतो. हंगामी म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांनी साहेबांनी 'ठेवा' लिहिलं तर राहायचं, 'कमी करा' लिहिलं तर पिशवी उचलून गावी जायचं. आमच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. चांदूर बाजाराजवळच्या माझ्या गावात बापानं ती साऱ्या वस्तीला सांगून ठेवली होती. परत जायला तोंडच नव्हतं.

*

साहेब पुण्याकडचे. स्टीलच्या काड्यांचा चष्मा आणि हातात तांबडी पेन्सिल. त्यांना हसताना पाहिलेला माणूस आमच्या कचेरीत नव्हता. माझ्या आधीचा हंगामी लिपिक जेवणाच्या सुट्टीत टेबलावर मासिक उघडून गोष्ट वाचत होता. साहेब मागे येऊन उभे राहिले.

तो बिचारा म्हणाला, "साहेब, सुट्टी आहे."

साहेब म्हणाले, "सुट्टी पोटासाठी असते, डोळ्यांसाठी नव्हे."

महिनाअखेर तो गेला. त्याच टेबलावर मला बसवलं! पहिल्या दिवशी टायपिस्ट गुलाबरावनं मला त्या खुर्चीचा इतिहास सांगितला आणि वर म्हणाला, "घाबरू नको. फक्त वाचू नको."

*

साहेबांचे बूट रबरी तळाचे. चालल्याचा आवाज म्हणून येत नसे. त्यावर आमचे रेकॉर्ड सांभाळणारे रहीमचाचा यांनी उपाय काढला होता. त्यांचं टेबल दाराजवळ. साहेब व्हरांड्यात दिसले की चाचा एकदा खोकायचे. तो खोकला ऐकला की आम्ही माना खाली घालून लेखण्या चालवायला लागायचो.

एका थंडीत चाचांना खराच खोकला झाला. दिवसभर खो-खो चाललेलं! आम्ही दिवसभर ताठ. कोणी पाणी प्यायला उठेना. गुलाबरावची तंबाखू खिशातच राहिली. संध्याकाळी पाहतो तर दोन महिन्यांची तुंबलेली कामं निकालात निघालेली.

गुलाबराव चाचांसमोर हात जोडून उभा राहिला. "चाचा, दवाखान्यात जा बाप्पा! तुमचा खोकला आमाले मारून राहिला!"

*

आता मूळ गोष्ट. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून मी गावी निघालो. अमरावतीच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथं एक शेंगदाणेवाला एका जाड इंग्रजी पुस्तकाची पानं फाडून पुड्या बांधत होता. पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं. मी पहिल्या उरलेल्या पानावर नजर टाकली. गुरं, गवत, कुंपण, विहीर आटलेली. मला वाटलं, पशुपालनाचं पुस्तक आहे! असं पुस्तक पुड्यांत जाऊ द्यायचं? मी ते मागून घेतलं.

धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातला देव्हारा गेला आणि त्या जागी पुस्तकांची फळी आली. तिच्यावर कायदा, इतिहास, थोरांची चरित्रं. दुसरं मी काही वाचत नसे. कादंबरी म्हणजे रिकामटेकड्यांचं काम असं माझं ठाम मत होतं, आणि मी ते लोकांना न विचारता ऐकवतही असे.

गाडी सुटली. दहा पानं झाली, वीस झाली. गुरांना काय खाऊ घालावं ते काही येईना. हॅना नावाची एक विधवा आली. मोंटाना नावाचा उजाड मुलूख, शंभर वर्षांपूर्वीचा काळ. शेजारचा बडा जमीनदार तिची जमीन गिळायला टपलेला. आणि तिसाव्या पानावर संध्याकाळच्या उन्हात घोड्यावरून एक माणूस आला. नाव टॉम. त्यानं टोपी काढली आणि फक्त पाणी मागितलं.

आजूबाजूला कोणी पाहत तर नाही ना म्हणून मी पुस्तक पिशवीत कोंबलं. दोन मिनिटांनी पुन्हा काढलं. चांदूर बाजार आलं तेव्हा कंडक्टरला मला हलवावं लागलं!

*

घरी ते फळीवर ठेवायची हिंमत झाली नाही. फळीच्या मागे सरकवलं. पण बापाच्या नजरेतून काय सुटतं!

"ते लपवलं कावून? पुस्तक कोनी लपवते काय?"

बापाला अक्षर येत नव्हतं, पण पुस्तकाला तो पाय लागू देत नसे. खोटं बोलवेना. मी म्हटलं, "बा, एका बाईच्या जमिनीची गोष्ट हाये."

"सांग मंग."

आयुष्यभर दुसऱ्याच्या काळ्या रानात राबलेला माणूस. स्वतःची वीतभर जमीन नाही. मी सांगत गेलो आणि तो विळा बाजूला ठेवून ऐकत बसला. जमीनदारानं हॅनाचं पाणी अडवलं तिथं तो उठूनच उभा राहिला.

"बाईले म्हना, मरून जाय पन जमीन सोडू नको!"

मग जरा थांबून विचारलं, "तो घोड्यावाला मानूस इमानदार हाये ना?"

"अजून समजलं नाही, बा."

"मंग पान पलट ना!"

तेव्हापासून दर शनिवारी मी दारात पाय ठेवला की बापाचे दोन प्रश्न ठरलेले. "कायम झाला काय?" आणि "त्या बाईचं काय झालं?" पहिला प्रश्न मी ऐकलाच नाही असं दाखवायचो. दुसऱ्यानं मात्र मला बरं वाटायचं.

*

पुस्तकानं असं धरलं की राहवेना. शेवटी जे करू नये ते केलं. पुस्तक जुन्या फायलीच्या कव्हरात बांधलं आणि कचेरीत नेलं. सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत, दप्तरांच्या आड उभं राहून चार-चार पानं वाचायचो. एक डोळा दारावर ठेवायचो, पण वाचायचो.

तिसऱ्या दिवशी खांद्यावर हात पडला. माझा जीवच गेला! पाहतो तर गुलाबराव.

"काय वाचून राहिला बे?"

सांगितलं. मला वाटलं, हसेल. गुलाबराव अचलपूरकडचा, घरी शेती, भाऊबंदकीची केस तीन पिढ्यांची. तो गंभीर झाला.

"नवरा मेल्यावर तिच्या नावावर फेरफार झाला काय?"

"ते काही लिहिलं नाही."

"कब्जा कोनाचा?"

"तिचाच."

"मंग तो जमीनदार कोन लागून गेला? पुढं वाच!"

चाचाही आले. आम्ही तिघं हॅनाबाईच्या हद्दीवरून वाद घालत होतो. वाद रंगला आणि आवाज चढला. चाचा इकडे असल्यामुळे खोकणारं कोणी उरलंच नाही. दारात बडेबाबू उभे! बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. साहेबांच्या खालोखाल भीती त्यांची.

"कोनती केस हाये?"

माझ्या तोंडून, जे डोळ्यांसमोर होतं तेच निघालं. "विधवेच्या जमिनीची... मौजे मोंटाना."

"मोंटाना? कोन्या तालुक्यात येते?"

गुलाबराव पापणी न हलवता म्हणाला, "राज्य बदललं तवा जुन्या राज्याकडून दप्तर आलं हाये, बडेबाबू. तालुका नमूद नाही."

बडेबाबूंनी सुस्कारा टाकला. "त्या वाटणीत काय काय आलं, देव जाणे. बाईचं नाव काय?"

"हॅना."

"ख्रिश्चन दिसते. मंग वारसाचा कायदा येगळा लागन." मग माझ्या हातातल्या फायलीकडे पाहून म्हणाले, "कागद इंग्रजीत हायेत ना? आता सारं मराठीत पाहिजे. तायडेबाबू, मराठी गोषवारा लावा अन् फाईल माह्याकडं द्या. बिचाऱ्या विधवेची केस दाबून ठेवता, लाज नाही वाटत?"

आता सांगा, 'ही कादंबरी आहे' असं कोणत्या तोंडानं सांगू? त्याच खुर्चीवरचा माणूस मासिकापायी गेला होता!

*

गोषवारा लिहायला बसलो. सरकारी मराठीत प्रेम लिहिणं किती अवघड असतं ते मला विचारा.

'दिनांक नमूद नाही रोजी सदर इसम टॉम हा घोड्यावरून सदर महिलेच्या ताब्यातील जागेत आला व त्याने पिण्याचे पाण्याची मागणी केली. सदर महिलेने पाणी दिले. त्यानंतर उभयपक्षी बराच वेळ कोणीही काही बोलले नाही.'

गुलाबरावनं टाईप करता करता विचारलं, "बोलले कावून नाही?"

"प्रेम बसलं ना!"

"मंग तसं लिही."

"ते कोणत्या कलमात बसते?"

चाचा म्हणाले, "लिखो, 'नजरेने पाहणी केली.'" तेच लिहिलं.

मजकूर पुढे सरकला तशी मला मजा येऊ लागली. खरंच सांगतो, साहेबांची भीती होतीच आणि तरी मजा येत होती. टॉमनं कुंपण बांधून दिलं, बर्फात हरवलेली तिची गुरं शोधून आणली. चाचा टोपीनं डोळे पुसायचे. मग जमीनदारानं टॉमवर गुरं चोरल्याचा खोटा आळ घेतला. लोकांनी त्याला झाडाखाली उभं केलं, गळ्यात दोर टाकला आणि हॅना घोडा फेकत निघाली. तिथं पान संपलं.

ते पान मी उलटलं नाही.

गुलाबराव म्हणाला, "पलट ना लेका!"

मी म्हटलं, "नाही."

माझ्या मनानं घेतलं होतं की टॉमचं जे होईल तेच माझं होईल. मी! शकुन-अपशकुन मानणाऱ्यांशी गावभर भांडणारा मी! पण अंगठा पानाला लागला की मी तो मागे घ्यायचो. गोषवारा तिथंच थांबला. शेवटी लिहिलं, 'पुढील कागद अवलोकन व्हावयाचे आहेत.'

*

सोमवारी बडेबाबूंनी फाईल पुस्तकासकट उचलली आणि साहेबांच्या टपालात टाकली. आणि त्याच टपालात माझ्या सहा महिन्यांचा कागद होता, 'ठेवा' की 'कमी करा' तो! एकाच टेबलावर मी आणि हॅनाबाई.

सोमवारी फाईल परत आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत दार आतून लावून घेतलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आमचे डबे तसेच बंद राहिले.

गुलाबराव म्हणाला, "माफीनामा लिहून ठेव."

चाचा म्हणाले, "मैं कह दूँगा, किताब मेरी है. माझ्या नोकरीचे दोन वर्षं राहिले, माझं काय जाते?"

मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "नाही चाचा. वाचली मी."

बापाला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. पुस्तकापायी नोकरी गेली हे त्याला कसं सांगणार? जन्मभर त्यानं मला एकच सांगितलं होतं, वाच म्हणून.

गुरुवारी चार वाजता घंटी वाजली. शिपाई म्हणाला, "तायडेबाबू, साहेब."

मी आत गेलो. साहेब मान वर न करता लिहीत होते. मग त्यांनी डाव्या हातानं फाईल पुढे सरकवली.

"घेऊन जा."

एवढंच! मी फाईल उचलून बाहेर आलो. माझ्या सहा महिन्यांचा कागद त्यातच असणार. दोरीची गाठ सुटेना. गुलाबरावनं फाईल माझ्या हातून ओढून घेतली आणि उघडली. पुस्तक आत जसंच्या तसं होतं. आत टाचलेल्या माझ्या कागदावर शेऱ्याची जागा कोरीच होती. गोषवाऱ्याखाली मात्र तांबड्या पेन्सिलीनं बारीक अक्षरात शेरा होता. तो गुलाबरावनं मोठ्यानं वाचला.

'अवलोकन केले. विधवेचा ताबा निर्विवाद दिसतो. टॉम यास फाशी झाली किंवा कसे, याचा खुलासा गोषवाऱ्यात आढळत नाही. उर्वरित गोषवारा याच लिपिकाने सादर करावा. तो पूर्ण होईपर्यंत सदर लिपिकास कामावरून कमी करू नये.'

खाली सही, शिक्का, तारीख.

चाचा खोकलेसुद्धा नाहीत. मग गुलाबरावनं फाईलची दोरी नीट बांधली, माझ्या टेबलावर ठेवली आणि कानाशी वाकून म्हणाला,

"तायडे, आता सावकाश लिहिजो लेका. वर्षाला एक पान!"