कोरा पट्टा

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा एक रंगारी कमरेचा सुरक्षापट्टा कधी म्हणून बांधायचा नाही. मुकादम ओरडला की तोऱ्यात म्हणायचा, "अंग माझं, पडलो तर मी पडेन. तुझ्या बापाचं काय जातं?" पट्टा घरी खुंटीवर कोराच राहिला. मग एक दिवस तो तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि पाय कायमचे गेले.

आता बायको त्याला रोज पलंगावरून उचलून खुर्चीत बसवते. उचलून उचलून तिची कंबर धरली. आज तिने खुंटीवरचा पट्टा काढून स्वतःच्या कमरेला गुंडाळला आणि म्हणाली, "जरा आवळून द्या. हात तरी धड आहेत ना तुमचे."

त्याने पट्ट्याची दोन्ही टोकं हातात घेतली. बक्कल कसं लावतात, हे त्याला तिलाच विचारावं लागलं.