विमानासमोरची पाटी

पोलीस खात्यातून निवृत्तीला काही महिने उरले असताना तपासलेली एक चोरी अजून मनातून जात नाही.

पलूस भागात, हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका तंत्रज्ञाने उसाच्या शेतालगत पत्र्याच्या शेडमध्ये विमानांचे छोटे संग्रहालय उभे केले होते. सुरुवात झाली ती एका दोन आसनी पांढऱ्या विमानापासून. फार पूर्वी बिघाडामुळे ते जिल्ह्याच्या पूर्वेकडील माळावर उतरले होते.

फिर्याद विचित्र होती. महागड्या पितळी उपकरणांना हात न लावता चोराने त्या विमानासमोरची माहितीची पाटी तेवढी नेली होती. पंचनामा केला. दोन दिवसांनी एका एसटी वाहकाने खबर दिली. घोंगड्यात फळी गुंडाळलेला म्हातारा आटपाडीकडे उतरला होता.

तो मेंढपाळ निघाला. पाटी त्याच्या घरीच सापडली. ठाण्यात त्याला बाकावर बसवून चहा दिला. सराईत चोर चहा लगेच पितो. याने कपाकडे पाहिलेही नाही.

“बाबा, पाटी का काढली?”

“नातीनं वाचून दावली, सायेब. ‘माळावर बेवारस सापडलेलं इमान.’ आवं, बेवारस कसं? पायलट म्हनला, माणसं घिऊन येतो, तवर बघा. माणसं येस्तवर नऊ दिस म्या आन माज्या बायकूनं राखलं. दुपारची मेंढरं पंखाच्या सावलीला बसायची. वारं सुटलं की ते हालायचं. बायकू म्हनायची, धरा, उडंल! मग आमी दोघं दोरी धरून बसायचो. लय ग्वाड दिस व्हते. आता ती न्हाई.”

माझे पेन थांबले. ते पांढरे विमान, निजलेली मेंढरे आणि दोरी धरून आभाळाकडे पाहणारे तरुण जोडपे. क्षणभर ठाण्याच्या भिंती मला दिसेनाशा झाल्या.

मी त्या तंत्रज्ञांना बोलावून घेतले. सगळे ऐकल्यावर ते खाली मान घालून म्हणाले, “मला हे कुणी सांगितलंच नाही.”

“तुमी कवा इचारलं?” म्हातारा म्हणाला.

तक्रार चालवायची नाही, असे त्यांनी लिहून दिले. नवी पाटी लागली, तिच्यावर त्या नवरा-बायकोची नावे आहेत.

सायकली, पिशव्या, मृतदेह. नोकरीभर मी ‘बेवारस’ हा शब्द सहज लिहीत आलो. त्यानंतर तो लिहिण्याआधी हवालदाराला आसपासच्या वस्त्यांवर आणखी एकदा विचारायला धाडू लागलो. नदीकाठी सापडलेल्या एका अनोळखी मृतदेहाला त्यामुळे नाव मिळाले. त्याची बहीण शेजारच्याच गावात रोज त्याचे ताट वाढून ठेवत होती.