माळावरून आलेली पत्रं

जयवंत परबच्या कवितेत माणूस नसायचा. माळ, वारा, पिवळं गवत, दगड. लालबागच्या खोलीत बसून हा गवत कसलं लिहितो, म्हणून चाळ हसायची.

ते गवत लष्करी शाळेतलं होतं. बाप महायुद्धात पडला, म्हणून नवव्या वर्षी त्याला घाटावरच्या उघड्या माळावर पाठवलं. तिथं दर रविवारी घरी पत्र लिहायचं आणि पाकीट न चिकटवता मास्तरांच्या हातात द्यायचं. तक्रार सापडली की डोक्यावर दगड धरून मैदानाला वीस फेऱ्या. पोरं शहाणी झाली, माळाचं वर्णन लिहू लागली. इकडे त्याची आई मालन गिरणीतून आली की शेजारच्या शेवंतीकडून पत्र वाचून घ्यायची आणि पोराबद्दल चाळभर सांगायची, "माझ्या झिलाक थयची हवा मानवली."

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. रस्त्यावर गोळीबार झाला. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणारी शेवंती तिथंच पडली.

शोकसभेसाठी चाळ कमिटीच्या शामरावांनी जयवंतकडे कविता मागितली. त्यानं ती आधी घरी वाचली. माळावर गवत आडवं झालंय, वारा गप्प आहे.

मालन बांगडे साफ करत होती. तिचा हात थांबला.

"शेवंती खंय हा ह्यात?"

"आई, तिच्यावरच आहे ती."

"थयसर तुका मारीत होते काय रे? तेव्हा पण ह्याच लिवलंस?"

जयवंतनं कागदाकडे बघत मान हलवली.

"सात वर्सां माका गवत धाडलंस, मेल्या! मी खूश होऊन लोकांक सांगत फिरलंय!"

"पत्रं उघडी द्यावी लागायची, आई."

"आणि आता कोण उघडता?"

त्यानं कागद टराटरा फाडला. रात्रीत नवीन लिहिलं. ते वाचून शामराव वैतागले. "अरे, कपडे काढत होती काय? हातात झेंडा होता असं लिही ना. लोकांचं रक्त उसळलं पाहिजे."

"नव्हता तिच्या हातात झेंडा."

"कवी आहेस की पंचनामा करणारा?"

चाळीमागच्या मैदानावरच्या सभेत जयवंत उभा राहिला. शेवंती तुकाराम सावंत. खोली नंबर चौदा. हातात नवऱ्याचा ओला सदरा. ओळी तोकड्या, परेडच्या हुकुमासारख्या. शामरावांनी माईककडे हात नेला.

"हात काढा, शामराव," मालन बायकांतून ओरडली. "वाचूक द्या तेका!"

शामरावांनी तरी माईक बंद केलाच. जयवंतनं टाचा जुळवल्या, मान ताठ केली आणि मैदानाच्या पलीकडे पोचेल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.