ज्यांनी पाणी आणलं ते मेयर

अमेरिकेतल्या एका मेलेल्या मेयरवर त्याच्या पोटच्या मुलांनी केली नसेल एवढी भक्ती माझ्या मावशीच्या यजमानांनी केली. मिशिगनमधल्या त्या लहानशा शहरात काका मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर होते. मेयर एकोणिसाव्या शतकातला. खोगिरं विकणारा हा गृहस्थ निवडून आला, त्याने घरोघर नळाचं पाणी नेलं, मग भर बाजारात हिंडणारी डुकरं कोंडवाड्यात घातली. त्यात त्याच्या सख्ख्या मेव्हण्याचीही होती. पुढच्या निवडणुकीत तो पडला.

हे चरित्र काकांना लायब्ररीत सापडलं आणि आमची शांतता संपली. गणपतीच्या जेवणानंतर कुणी नळाखाली हात धरला, की काका मागे उभे राहून विचारत, हे पाणी कुणामुळे? भारतातून नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी भाबडेपणाने गणपतीकडे बघत. सप्टेंबरात मेयरची जयंती. त्या दिवशी सिटी हॉलसमोरच्या त्याच्या पुतळ्याला काका हार घालत. झेंडू मावशीच्या वाफ्यातला. "माझ्या वाढदिवसाला कधी एक फूल नाही," ती म्हणे, "आणि त्या डुकरं धरणाऱ्याला हार."

मला पुतळे एकूणच सोसत नाहीत. त्यामुळे पार्किंग वाढवण्यासाठी हा पुतळा गावाबाहेरच्या जुन्या पंपहाउसमागे हलवायचं घाटत होतं, तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. काका मात्र टाय लावून कौन्सिलच्या सभेत उभे राहिले. त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं. फक्त थोर माणसाला ‘ही’ म्हणणं त्यांना अरेतुरे वाटे, म्हणून मेयर सदैव ‘दे’. दे ब्रॉट वॉटर, दे कॉट पिग्ज. अध्यक्षीणबाईंनी बराच वेळ कागद चाळले आणि शेवटी विचारलं, असे एकूण मेयर होते तरी किती? सभा हसली. मी खुर्चीत खाली सरकलो.

"एकच होते, मॅडम," काका म्हणाले. "पण गावाला पाणी देणाऱ्या माणसाला आमच्यात एकेरी बोलत नाहीत."

हसू थांबलं. टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. मतं घेतली, पुतळा हलवायचं ठरलं.

परतताना काकांनी टाय सैल केला. मग म्हणाले, "पंपहाउसचा रस्ता कच्चा आहे. सप्टेंबरात चिखल असणार. बूट बघायला हवेत." बूट आले, आणि रिटायर होईपर्यंत हारही चुकला नाही.

आता ते मुलाकडे टेक्ससमधल्या शुगर लँडला असतात. परवा मी कामासाठी सिटी हॉलला गेलो. पार्किंग भरलेलं होतं. पूर्वी मेयर उभे होते तेवढीच जागा मोकळी होती. मी उगाच एक चक्कर मारली, आणि गाडी लांब रस्त्यावर लावून चालत आलो.