सात पुरचुंड्या

भाजीत मीठ बरोबर आहे की नाही, हे लग्नानंतरची तीस वर्षं मी स्वतः कधी ठरवलं नाही. ते जाऊबाई ठरवायच्या. चमचाभर रस्सा तळहातावर घ्यायच्या, जिभेच्या टोकाला लावायच्या आणि भांड्याकडे न बघताच म्हणायच्या, "मीठ कमी आहे वं." रागावून नाही, टोचूनही नाही. पाऊस येऊन राहिला, हे सांगावं तसं. मी मीठ टाकायचे. त्या भिवापूरला राहायच्या आणि मी नागपुरात, तेव्हाही सणावाराला गेलं की माझ्या हातचं पातेलं आधी त्यांच्यासमोर जायचं. मग तीन वर्षांपूर्वी मोठे दीर गेले. जाऊबाईंना मूलबाळ नाही, गुडघे पार गेलेले. शेत चुलत पुतण्याकडे सोपवून आम्ही त्यांना नागपुरातल्या, हुडकेश्वरच्या आमच्या घरी घेऊन आलो. मीठ मग रोजचंच झालं.

हे मी आधी सांगते आहे, कारण पुढे जे केलं त्याचं मूळ यात आहे. बाईंच्या पोटाच्या दुखण्यात नाही. जाऊबाईंना मी बाईच म्हणते.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीनंतर त्यांना अल्सर निघाला. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलं. बाईंनी तडजोड काढली. "ठेचा सोडते, हिरवी मिरची सोडते. पण भाजीतलं तिखट सोडा म्हणाल तं मले पोळी पाण्यात बुडवून देत जा." आमच्या यांनी हात जोडले. मी दुसऱ्या दिवशी सदरच्या बाजारात गेले आणि नुसत्या रंगाची मिरचीपूड घेऊन आले. लालभडक, पण खाल्ली तर कळतही नाही अशी. मिसळणाच्या डब्यातलं भिवापुरी तिखट काढलं आणि त्या वाटीत ही पूड भरली. यांना सांगितलं. हे म्हणाले, "चांगलं केलं. वहिनीले सांगू नको फक्त."

तोवर ठीकच होतं सगळं. पोट बरं व्हायला लागलं.

त्याच दिवसांत आमच्या मुलीचे डबे येऊ लागले. ती बेंगळुरूला नोकरी करते. आईला आणि मोठ्या आईला जगातलं सगळं खाऊ घालायचं तिनं मनावर घेतलं होतं. ऑलिव्हची बाटली, वाळवलेले मशरूम, तऱ्हेतऱ्हेचे पास्ते, एक हिरवं अॅव्होकॅडो. मी घाबरायचे, बाई पुढे व्हायच्या. ऑलिव्ह चघळून म्हणाल्या, "बोरं खारवले का हे? बोरायनं काय पाप केलं होतं?" पास्ता हातात धरून पाहिला. "हे वळणाऱ्या बाईले हातच नाही. बोटाएवढी शेवई कोणी वळते का?" पण खाल्ला, आणि पुन्हा मागितला. ओट्याच्या वरच्या फळीला त्यांनी नाव ठेवलं, 'पोरीचा खजिना'.

त्यांचा स्वतःचा खजिना फळीखालच्या खिळ्याला लटकायचा. दर हिवाळ्यात पुतण्या शेतातून आणायचा ती कापडी पिशवी, आत सात पुरचुंड्या. आमच्या सासरची ती रीत. मिरची लाल झाली की तोडणीआधी शेतातली सात चांगली झाडं हेरायची. एका झाडाच्या मिरच्या एका फडक्यात, दुसऱ्याच्या दुसऱ्यात. मग घरातल्या थोरल्या बाईनं प्रत्येकीतली एक उचलून टोकाशी चावायची. जी झाडं पास होतील, त्यांचं बी पुढच्या वर्षी पेरायचं. बाकीच्यांचं तिखट. आधी हे काम सासूबाई करायच्या, मग बाई. दुकानातलं बी त्या शेतात कधी पडलं नव्हतं.

तर, डिसेंबर उजाडेपर्यंत बाई जेवताना थांबायला लागल्या. घास घोळवायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मले तिखट लागूनच नाही राहिलं वं."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं नाही.

"औषधानं झालं असन का?"

"असेल," मी म्हटलं.

हे माझं पहिलं खोटं. त्याआधी मी फक्त लपवलं होतं.

तिखट लागेना म्हणून त्यांना मिठाचीही खात्री वाटेना. तळहातावर रस्सा घ्यायच्या, चाखायच्या, आणि मग माझ्याकडे बघायच्या. "तूच सांग वं. बरोबर आहे का मीठ?" मी सांगायचे, बरोबर आहे. आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला मला वर्ष लागलं, म्हणून एकदा नीटच लिहिते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा मोठी झाले होते, आणि ते मला फार गोड लागत होतं.

डिसेंबरच्या मध्यावर रिपोर्ट दाखवायला मी एकटीच गेले. बाईंचे गुडघे, रिक्षा, एवढ्याशा कामासाठी कशाला, असं म्हणून. डॉक्टरांनी कागद पाहिला. "छान आहे. आता थोडं थोडं तिखट सुरू करा." मी घरी आले. बाईंनी विचारलं, "काय म्हणलं?" मी म्हटलं, "पोट बरं आहे." डब्यातली वाटी मी बदलली नाही. भिवापुरी तिखटाची बरणी कपाटात मागे होती, हात पोचेल अशी.

जानेवारीत पाऊस लागला. ऐन थंडीत आठवडाभर नुसती रिपरिप. कपडे वाळेनात, पापड सादळले. त्या पावसातच पुतण्या पिशवी घेऊन आला. भिजलेला, कुडकुडत. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"माही जीभ गेली गा," त्या म्हणाल्या. "यंदा दुकानातूनच आण बी."

"काय बोलता काकू! तुमच्याशिवाय कोण सांगन?"

"फिकीवर बोट ठेवीन आन् साऱ्या वावरात फिकी होईन. तुले कोण शिव्या देईन? मले देतीन." त्या हसल्या. मग पिशवी माझ्याकडे केली. "दळून टाक सगळ्या."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तिथंच होते, ते दोघं समोर होते, वाक्य चार शब्दांचं होतं. मी पिशवी खिळ्याला अडकवली आणि चहा ठेवला.

आठ-दहा दिवसांनी एका दुपारी पाहिलं तर फडकी दमट झाली होती, एका मिरचीच्या देठाशी पांढरी बुरशी. ऊन नव्हतंच. दळायच्याच आहेत तर जरा भाजून घ्याव्या म्हणून मी कढई ठेवली आणि एकेक पुरचुंडी सोडून तीत टाकू लागले. पाच झाल्या. घरभर ठसका उठला. मी पदर नाकाला लावून खिडकी उघडायला गेले, तोच बाई खोकत खोकत दाराशी आल्या.

"काय जाळून राहिली वं?"

"मिरच्या, बाई. बुरशी धरत होती."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चौकट धरून उभ्या राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "जीभ मेली तं मंग घसा कसा जळून राहिला?"

मी खिडकी पूर्ण उघडली. त्या ओट्यापर्यंत आल्या. सहाव्या पुरचुंडीतली एक मिरची उचलली, टोक दातानं तोडलं, जिभेवर ठेवलं. पाहता पाहता चेहरा लाल झाला. नाक वाहायला लागलं. पाणी मागितलं नाही. माझा दंड घट्ट धरला.

"आली वं! माही जीभ आली!"

मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. दंड सोडेनात. म्हणत राहिल्या, बोलाव भाऊजींना, फोन लाव पोरीला. आणि मग त्यांची नजर ओट्यावर उघड्या पडलेल्या मिसळणाच्या डब्यावर गेली. बोट ओलं करून त्यांनी तिखटाच्या वाटीत बुडवलं. चाखलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाखलं. हसू चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी उचलायचं विसरल्यासारखं.

"काहून?" त्या म्हणाल्या.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, बाई. तुमच्या पोटासाठी."

"हं."

त्यांनी गॅस बंद केला. कढईत पाहिलं. "किती टाकल्या?"

"पाच."

भाजलेल्या मिरचीचं बी उगवत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. शेतातला बाकीचा माल बाजारात गेला होता, त्यात कोणती मिरची कोणत्या झाडाची ते कुणाला सांगता येणार नव्हतं. बाईंनी सातवीतली एक चावली आणि ती पुरचुंडी कढईकडे सरकवली. सहावीला गाठ मारली. "हे सुद्धा हलकीच आहे, इतक्या दिवसानं लागली म्हणून झोंबली. पण आता हेच ठेवा लागन."

यांना संध्याकाळी कळलं. हे हसण्यावारी न्यायला गेले, "वहिनी, तुमच्याच जिवासाठी केलं ना तिनं." बाई म्हणाल्या, "हो ना. मी कुठं काही म्हणते." मी खाली मान घालून वाढत होते. ती शाबासकीही मी ठेवून घेतली.

त्या दिवसापासून बाई तिखटाची स्वतःची पुडी पदराला बांधून ठेवतात. ताट समोर आलं की गाठ सोडतात, चिमूटभर घालतात, गाठ मारतात. पाहुण्यांसमोरसुद्धा. आणि मीठ कमी आहे, असं त्यानंतर एकदाही म्हणाल्या नाहीत. मी मुद्दाम अळणी भाजी करून पाहिली. त्यांनी ती पोळीसोबत संपवली. मुलीचे डबे अजून येतात. परवा तिनं कसलंसं काळं लसूण पाठवलं, मी त्यांच्यापुढे धरलं. "तू खाऊन पाह्य आधी," त्या म्हणाल्या.

या हिवाळ्यात पुन्हा पिशवी आली. त्या एका पुरचुंडीच्या बियांतून उगवलेल्या सात झाडांची. पुतण्या समोरच्या खोलीत यांच्याबरोबर चहा पीत बसला होता. बाहेर पुन्हा तीच भुरभुर. बाईंनी स्वयंपाकघरात पाटावर बसून साती चाखल्या, मग एक मिरची माझ्यापुढे केली.

"तू सांग."

मी चावली. डोळ्यांत पाणी यायची वाट पाहिली. आलं नाही.

"फिकी आहे, बाई."

"आहेच. दोन-चार वर्षं निवडू निवडू लावली तं येईन वर. मी राहिली तं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी कदाचित आताही गप्प बसले असते.

"बाई," मी म्हटलं, "डॉक्टरांनी तिखट सुरू करायला सांगितलं होतं. मिरच्या आल्या त्याच्या आधीच. मी एकटी रिपोर्ट घेऊन गेले होते, त्या दिवशी."

त्या पुरचुंडीची गाठ मारत होत्या. ती पुरी मारली.

"मंग बोलली काहून नाही?"

विसरले, असं म्हणता आलं असतं. भीती वाटली, असंही.

"तुम्ही मला मीठ विचारत होतात. मला बरं वाटत होतं."

त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे सव्वा महिना. सव्वा महिना मी तुले विचारू विचारू जेवली." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "पोटासाठी केलं म्हणून मी माफ करून बसली होती वं."

साती पुरचुंड्या त्यांनी पिशवीत भरल्या. पुतण्या आत आला, सवयीनं पिशवी घेतली, खिळ्याकडे हात नेला.

"नाही गा," बाई म्हणाल्या. "इथं नको. घरी ने. पुढच्या वर्षी मीच येईन तिकडं चाखाले."

"गुडघ्यायनं कसं होईन काकू?"

"पायऱ्या थोड्याच आहे तिथं."

तो माझ्याकडे पाहत होता, मी काही बोलेन म्हणून. मी समोरच्या खोलीत जाऊन चहाचे कप उचलले. रात्री वांग्याची भाजी केली. ताट समोर ठेवलं, बाईंनी पदराची गाठ सोडली, चिमूटभर घातलं, गाठ मारली. यांनी विचारलं, "वहिनी, बरी झाली का?"

"तिलेच विचारा," त्या म्हणाल्या.