टाच आपटून मारलेली हाक

“माझ्या पोराला सगळं ऐकू येतं, डॉक्टर, तो फक्त मनावर घेत नाय.”

उज्वला हे पहिल्यांदा म्हणाली ती मालेगावात, एका कापडाच्या दुकानावरच्या दवाखान्यात. सार्थक तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पुढे नाशिकला जितके दवाखाने झाले तितक्या वेळा ती हेच म्हणाली. कोणी विचारायच्या आधीच म्हणायची. तिच्या आवाजात अशी खात्री असायची की समोरचा माणूस मान हलवून पुढच्या प्रश्नावर जायचा. आईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

उज्वला नांदगावकडची. माहेरी दोन घरांच्या मधे अख्खं शेत, त्यामुळे माणसं बोलायची ती ओरडूनच. लग्न होऊन ती मालेगावात आली तेव्हा सुरुवातीला तिला वाटलं, आपल्याला मुक्यांच्या घरात दिलं. सासरचं घर म्हणजे कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकलेल्या दोन खोल्या. भिंतीपलीकडे यंत्रमाग. दिवसपाळी, रातपाळी, आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत राहायचे आणि ताटातल्या वरणावर बारीक लाटा उठायच्या. त्या खडखडाटात कोणी आवाज वाया घालवत नसे. ओठ हलायचे, भुवया हलायच्या, बोटं हलायची, आणि सगळ्यांना सगळं कळायचं. पाठमोऱ्या माणसाला बोलवायचं असलं की टाच आपटायची. हाक जमिनीतून त्याच्या पायापर्यंत जायची. सासू कुसाबाई तर नळावरची भांडणंसुद्धा घशातून आवाज न काढता करायची आणि जिंकून यायची.

वर्षभरात उज्वलाही त्यातलीच झाली. माहेरी गेली की आई म्हणायची, “नुसतं तोंड काय हलवती गं? आवाज काय सासऱ्याकडं गहाण ठेवला?”

सार्थक ह्याच घरात वाढला. माग चालू असताना पाळण्यात शांत झोपायचा, पण त्या गल्लीतली सगळीच पोरं तशी झोपतात. जागा असला की त्याची नजर माणसाच्या तोंडावर खिळलेली असे. पाय फुटल्यावर तो कामंही ऐकू लागला. कुसाबाईने नुसते ओठ हलवून ‘चष्मा आण’ म्हणावं आणि पोराने चष्मा आणून द्यावा. “त्याले समदं समजस,” ती गल्लीत सांगत फिरायची, “मना नातू वकील व्हई!” बोलत मात्र नव्हता. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. त्याचा बाप महेशही उशिराच बोलला होता म्हणे, आणि बोलायला लागल्यावर तरी त्याने असं काय मोठं सांगितलं, असं कुसाबाई वर म्हणायची.

मग करोना आला आणि माग थांबले.

इतकी शांतता त्या गल्लीने कधी ऐकली नव्हती. भिंती एकदम मेल्यासारख्या झाल्या. माणसांना आपापले आवाज परत मिळाले. कुसाबाई चुलीपाशी बसून आतल्या खोलीतल्या लेकाशी बोलू लागली, महेश खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्याच उत्तर देऊ लागला. बोलायला आता कोणाचं तोंड बघायची गरज उरली नाही. दाराबाहेर पाय ठेवला की तोंडं फडक्यामागे गेलेली. दोन वर्षांचा सार्थक खोलीच्या मधोमध बसून एकेका चेहऱ्याकडे बघायचा. चेहरे दुसरीकडे वळलेले असायचे. काही दिवसांनी त्याने बघणं सोडलं. डब्याचं झाकण जमिनीवर फिरवत बसे, नाहीतर ज्या भिंतीपलीकडे माग होते त्या भिंतीला गाल लावून उभा राही. हाक मारली तर कधी वळे, कधी नाही. झाकण काढून घेतलं तर डोकं आपटून घेई.

“कोणीतरी नजर लाई दिनी,” कुसाबाई म्हणाली आणि मिरच्या ओवाळल्या.

सगळं उघडल्यावर तो पहिला दवाखाना. जुनी इमारत, वरचा मजला, फळ्यांची जमीन. डॉक्टरांनी विचारलं, ऐकू येतं ना? उज्वलाने तिचं वाक्य सांगितलं.

“मारा बघू हाक.”

सार्थक पाठमोरा बसला होता. “सार्थक!” तिने हाक मारली आणि हाकेबरोबर तिची टाच खाली गेली, रोजच्यासारखी. फळी हलली. पोराने मान वळवली. डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघत होते, पायाकडे नव्हते. आणि आपली टाच खाली गेली हे तिलाही कळलं नाही. डोळ्याची पापणी लवलेली कोणाला कळते?

“म्हणजे आधी समजायचं आणि मग गेलं, असंच ना?”

“असंच,” ती म्हणाली.

ह्या एका उत्तराने पुढचा सगळा रस्ता ठरला. नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द दिला. तो शब्द घरी आणताना एसटीत तिने तो मनात इतक्यांदा म्हटला की मालेगावच्या मनमाड चौफुलीपर्यंत त्याचा अर्थच निघून गेला. आठवड्याला नाशिक. झोपाळ्यावर बसवणं, मणी ओवणं, ब्रशने हात-पाय चोळणं. तो अंगावर धावून येतो म्हणून औषध सुरू झालं, त्याने तो शांत झाला आणि त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मतिमंद म्हटलं. तिसऱ्या बाई कानांची तपासणी करून घ्या म्हणाल्या. त्यासाठी पोराला झोपेचं औषध देऊन निजवावं लागणार होतं.

“कान चांगले हायेत त्याचे,” उज्वला म्हणाली. “आधीच गोळ्यांनी गुंगलेलं पोर, त्याला आणखी गुंगी कशाला?”

महेशलाही ते पटलं. बाईंनी आग्रह केला नाही.

दरम्यान माग पुन्हा सुरू झाले होते. कारखान्यात गेलं की सार्थक निराळाच होई. डोळ्यांत पाणी आल्यासारखी चमक येई, खुणा करी, खुणा ओळखी. शाळेत मात्र दगड. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि हा बाकाखाली जाऊन बसे. शेवटी त्यांनी हात जोडून त्याला परत पाठवलं. “घरी सगळं समजतं हो त्याला,” उज्वला नाशिकच्या डॉक्टरांना सांगे. ते समजुतीने हसत. सगळ्याच आया असं म्हणतात, असं त्या हसण्यात असे. पुढे पुढे तिलाही वाटू लागलं, की आपणच आशेपोटी काहीबाही बघतो.

तिची बहीण मीना नाशिकरोडला राहायची. मीनाचा नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता. मीनाच्याच ओळखीने ते अंजली मॅडमकडे गेले. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई, घरातच दोन खोल्यांत वर्ग. एका कोपऱ्यात मुलांना खेळायला लाकडी ओटा केलेला. सार्थक त्यावर रंगीत कड्या रचत बसला, उज्वला त्याच्या मागे ओट्यावरच कडेला उभी राहिली. सार्थकला तेव्हा सातवं सरलं होतं.

तिने वाक्य म्हटलं. मॅडमनी हाक मारायला सांगितलं. तिने मारली, पोरगा वळला.

मॅडमनी एकदा ओट्याच्या फळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ताई, जरा खाली उतरा. फरशीवर उभ्या राहून मारा.”

“सार्थक!”

तो कडीत कडी अडकवत होता.

“सार्थक! ए सार्थक!”

“तुम्ही मघाशी पाय आपटला होता,” मॅडम म्हणाल्या.

“मी? मी कशाला पाय आपटू?”

दारात उभा असलेला महेश म्हणाला, “आपटतेस तू. आपण सगळेच आपटतो की.” तो हसत म्हणाला होता. मग त्याचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

उज्वलाने पुन्हा हाक मारली. मग आणखी मोठ्याने. माहेरी शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर मारतात तशी, सगळा जीव घशात आणून. शेजारच्या खोलीतलं एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं. सार्थकने शेवटची कडी बसवली आणि रचलेलं बघण्यात तो रमून गेला. त्याच्या मानेवरचं एक केसही हललं नाही.

तपासण्या झाल्या. ह्या वेळी झोपेच्या औषधाला कोणी हरकत घेतली नाही. दोन्ही कान निकामी, आणि बहुतेक जन्मापासून. इतकी वर्षं दिलेल्या गोळ्या ज्या आजारासाठी होत्या तो आजार त्याला नव्हता. मॅडमनी तिला समोर बसवून सरळ सांगितलं, कारण गोड बोलणं त्यांना जमत नसावं. “कानांना मशीन लावू, त्याने आवाज पोचेल. पण आवाज म्हणजे शब्द नव्हे. शब्द सहज येतात ते वय गेलं. किती येतील, मी सांगू शकत नाही. जे काही येईल त्यासाठी रोज बोलावं लागेल, शांत जागेत. मागाशेजारी हे मशीन म्हणजे त्याच्या कानात माग बसवल्यासारखं होईल.”

“त्या बाई म्हणाल्या तेव्हाच तपासलं असतं तर?” उज्वलाने विचारलं.

मॅडमनी टेबलावरचा खेळ डब्यात भरायला घेतला.

मॅडमचं खरं ठरलं. मालेगावला आल्यावर पहिल्याच दिवशी मशीन कानात आणि माग चालू, पोरगं गुरासारखं ओरडलं. दोन्ही मशीनं ओरबाडून त्याने मोरीत फेकली. पुन्हा पुन्हा तेच. वीज गेली, की धावत जाऊन त्याच्या कानांत ती बसवायची आणि वीज यायच्या आत जितकं बोलता येईल तितकं बोलायचं, असं उज्वलाने महिनाभर केलं. पाणी. आई. ताट. भिंत. पुढचा शब्द तोंडात असताना भिंत थरथरायला लागायची.

“मीना खोली बघती म्हणती,” ती महेशला म्हणाली. “आपण नाशिकरोडला जाऊ. तुम्हाला तिकडं काहीतरी मिळंल काम.”

“काहीतरी म्हणजे काय? मला मागाशिवाय काय येतं?”

“मग मी जाते त्याला घेऊन.”

“तठे त्यानं कोण शे?” कुसाबाई कडाडली. “मावशीना दारशी बसाडशी का त्याले?”

महेश ओरडला नाही. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. “हे बघ उज्वला,” तो म्हणाला, “इथे तो बहिरा नाही. इथे आम्ही सगळेच बहिरे. तू त्याला बाहेर नेलंस की त्या मिनिटापासून तो बहिरा. आणि तिकडे जाऊन काय होणार? चार शब्द येतील, तेही तुलाच कळतील. लोक हसतील त्याच्या बोलण्याला. इथे तो मागावर उभा राहील, माझ्यासारखा. जगेल.”

“तुमच्यासारखाच जगंल,” ती म्हणाली.

त्यानंतर महेश तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिला रात्री झोप लागेना. डोळे मिटले की पहिल्या दवाखान्यातली फळ्यांची ती जमीन दिसे. कोणी तिला दोष दिला नव्हता. डॉक्टरांनी नाही, मॅडमनी नाही, महेशने भांडतानाही नाही. एवढी वर्षं पोराच्या कानाशी कोणाला पोचू दिलं नाही ते तिच्या एका वाक्याने, आणि ते वाक्य तिने प्रेमानेच म्हटलं होतं. आता महेश जे म्हणत होता तेही तितक्याच प्रेमाने, तितक्याच खात्रीने. त्याचीच तिला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मीनाला फोन केला, पिशवी भरली, मशीनची डबी पदरात बांधली आणि सार्थकला शोधत ती कारखान्यात गेली.

तो सुताच्या कांड्या भरायच्या यंत्राशी बसला होता. महेशने त्याला शेजारी घेतलं होतं. सूत तुटलं की पोराचं बोट डोळ्याआधी तिथे जाई, गाठ मारी, कांडी पुन्हा फिरू लागे. पलीकडच्या मागावरच्या हिरामणने ओठांनी काही विचारलं. सार्थकने पोट पुढे काढलं, पाठीमागे हात बांधले, आणि मालकासारखं दोन पावलं चालून दाखवलं. हिरामण मागाला धरून हसला. त्याच्या पलीकडचे दोघे हसले. महेश हसला, आणि सार्थक सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत, मान मागे टाकून, आवाज न करता हसत होता.

उज्वला दारात थांबली. आपलं पोर विनोद करतं हे तिला माहीत नव्हतं. नाशिकच्या एकाही खोलीत त्याने तिला हे दाखवलं नव्हतं, आणि जिथे ती त्याला नेणार होती तिथे ते बघायला कोणी नसणार होतं. तिच्या हातातली पिशवी जड झाली. ती परत फिरली असती, तर कोणीच तिला काही म्हटलं नसतं.

महेशला ती दिसली. पिशवीही दिसली. मागावरून हात न काढता त्याने ओठ हलवले: हा आजारी दिसतो का तुला?

ती आत गेली. तिने सार्थकच्या मुठीतली कांडी सोडवून टोपलीत टाकली आणि त्याला उठवलं. त्याने यंत्राची कड धरून ठेवली. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. महेशने माग थांबवला, पण बाकीचे चालूच होते, त्यामुळे तो तोंड उघडून काय म्हणाला ते ऐकू येण्यासारखं नव्हतं, आणि तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

सार्थक तिच्या मागून ओढला जात होता. आपल्याला कुठे नेतात ते कळावं म्हणून तो मान वर करून सारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने पिशवी खांद्यावर घेतली, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि ओठ मिटून ती उंबऱ्याबाहेर पडली.